बकुळ आळीतली माडी

"पाणी मचूळ आहे," ती म्हणाली.

दाजी तोडणकर जिन्यातच थांबला. "काय बोलताय वहिनी? अख्खी आळी तुमच्या विहिरीचं पाणी पिते."

"उन्हाळ्यात मचूळ होतं," ती म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून माडीचं कुलूप काढायला लागली. कुलूप लगेच निघेना. मला वाटलं, मुद्दामच काढत नाहीये.

एकोणनव्वद सालचा मे महिना. ह्यांची टेलिफोन खात्यात उदगीरहून शेरवलीला बदली झाली होती. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. आम्ही दोघं आणि सात वर्षांची रेणू, असे तिघं एस. टी. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो होतो. तीन दिवसांत घर ठरवायचं, परत जाऊन सामान आणायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत इथं स्थिर व्हायचं, असं ठरलेलं. दाजी तोडणकर हा ह्यांच्या नव्या ऑफिसातला लाइनमन. गावातला प्रत्येक खांब त्याच्या ओळखीचा आणि खांबाशेजारचं घरही. तोच आम्हाला घरं दाखवत फिरत होता.

उदगीरला आमच्या घरात आम्ही चार जावा. रेणू दुपारी कुणाच्या ताटात जेवली ते मला दिवेलागणीला कळायचं. इथं ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. म्हणून माझी एकच अट होती. घर लहान चालेल, जुनं चालेल, पण शेजार हवा. खेळायला पोरं हवीत, आणि मी तापानं आडवी पडले तर पोरीला दोन घास घालणारं कुणीतरी हवं.

आदल्या दिवशी दोन घरं बघून झाली होती. पहिल्या घराचं मागचं दार उघडलं की तीन पावलांवर खाडी. रेणूला पोहता येत नव्हतं, मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. दुसरं वर सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावर, नव्या कॉलनीत. आठ सिमेंटची घरं, एक झाड नाही, वारा असा की साडी सावरता येईना. शाळा दोन मैल लांब. पाऊण तास तिथं होतो, एकही शेजारीण दार उघडून डोकावली नाही.

आणि ही बकुळ आळी! आळीच्या तोंडाशी दवाखाना, टोकाला शाळा, मधे शेणानं सारवलेली अंगणं आणि सगळ्या अंगणांतून पळणारी पोरं. लगोरी चालली होती. रेणू माझा हात सोडून कधी त्यांच्यात गेली ते मला कळलंही नाही.

माडी छान होती. दोन खोल्या, तिसरं स्वयंपाकघर, तिन्हींना खिडक्या. ह्यांनी खिडकी उघडली तसा माडांमधून वारा आत आला.

"पावसात गळतं," ती म्हणाली.

"कौलं शाकारून घेऊ," हे म्हणाले.

"माळ्यावर वटवाघळं आहेत. मागच्या बागेत साप निघतात. जिना उभा आहे, लहान मूल पडेल."

हे हसले. "वहिनी, घर द्यायचं नसेल तर तसं सांगा की."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बत्तीस-तेहतीसची असेल. उंच, हाडकुळी, केस घट्ट बांधलेले. नाव कालिंदी. बोलताना तिची नजर आमच्यावर नसायची, खिडकीतून खाली अंगणात असायची.

खाली ओट्यावर तिचे सासरे बसले होते. मोंडकर मास्तर, पण गाव त्यांना अण्णा मास्तर म्हणायचं. पांढरं स्वच्छ धोतर, सदरा, सत्तरीला आलेला गोरापान माणूस. पाच-सहा पोरांना समोर बसवून शिंपल्या मांडून बेरजा शिकवत होते. इतकं मऊ बोलणं मी पुरुषाच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. आम्हाला बघताच उठून उभे राहिले.

"बसा. दूरचा प्रवास करून आलात. उन्हाचा त्रास होत असेल." मग रेणूकडे वळून, "तुझं नाव काय ग बाळ?"

"रेणुका शिवलिंग बिराजदार."

"शाब्बास! आणि मासे मोजता येतात का तुला?"

"आम्ही मासे खात नाही."

"अग, खायचे कुणी सांगितले? मोजायचे!" पोरं हसली, रेणूही हसली आणि त्यांच्यात बसली.

त्यांनी आमची जात विचारली नाही. आगाऊ रक्कम मागितली नाही. "घरात लहान मूल असलं की घराला घरपण येतं," म्हणाले. "आमची नात इथे नसते ना. मामाकडे असते. तिच्या आईचं म्हणणं, तिकडची शाळा चांगली."

कालिंदी दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत निघून गेली.

परतताना दाजीनं आम्हाला सगळं सांगितलं. "तिचं मनावर घेऊ नका साहेब. नवरा बोटीवर, वर्षाकाठी दोन महिने येतो. एकटीनं राहून डोकं फिरलंय बाईचं. पोटची पोर सात वर्षांची, ती माहेरी ठेवलीय. आणि दुसऱ्यांची पोरं मास्तरांकडे आली की हिला बघवत नाय. तांदूळ निवडायला घेऊन दारात बसते ती पोरं जाईपर्यंत हलत नाय. मास्तर म्हणजे देवमाणूस हो. चाळीस वर्षं शाळा चालवली. आमचा सरपंच, दवाखान्यातले डॉक्टर, मी, सगळे त्यांच्या हाताखालून गेलोत."

लॉजवर आल्यावर हे म्हणाले, "काय म्हणतीस?"

"घर चांगलंय. बाई तेवढी खवट आहे."

"तिच्याशी काय करायचंय आपल्याला? म्हातारा बघ कसा आहे. पोरीला फुकटात शिकवणी."

"ती कसली आई म्हणायची," मी म्हणाले. "सात वर्षांची पोर दुसऱ्याच्या दारात टाकून स्वतः इथं तांदूळ निवडत बसलीय."

रेणूनं तर बकुळ आळीचाच धोशा लावला होता. ठरलंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे हजर व्हायला ऑफिसात गेले. मी रेणूला घेऊन होकार सांगायला आणि स्वयंपाकघरातल्या फळीचं माप घ्यायला बकुळ आळीत गेले. आमचं मांडणीचं कपाट तिथं बसतंय का ते बघायचं होतं.

"या, या," अण्णा मास्तर म्हणाले. "कालिंदी, यांना वर ने ग. रेणू, तुला आमच्या शिंपल्यांची पेटी दाखवतो, चल. तीनशे तऱ्हा आहेत. एवढ्या ह्या गावात कुणाकडे नाहीत."

रेणूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी स्वतः मान हलवली.

वर कालिंदीनं दार उघडलं, मी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. फळीला लावली. तिला म्हणाले, "जरा ते टोक धरता का?"

तिनं टोक धरलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "मुलगी कुठाय?"

"खाली आहे, अण्णांपाशी."

"ओट्यावर?"

"आत गेली. काय ती पेटी..."

टेपचं टोक तिच्या हातातून सुटलं. जिन्यावरून ती कशी उतरली मला कळलंच नाही, फक्त धाड धाड आवाज ऐकला, आणि मग तिची किंकाळी.

"विंचू! विंचू! बाहेर या! विंचू!"

मी पळत खाली आले. आळीतली दोन-तीन पोरं, शेजारची एक म्हातारी, सगळे अंगणात जमले होते. कालिंदीनं रेणूला दंडाला धरून अंगणात ओढत आणलं होतं. रेणूच्या दंडावर तिची पाचही बोटं उठली होती. पोर घाबरून रडत होती.

अण्णा मास्तर दारात आले. हातात लाकडी पेटी होती. ते शांत होते.

"कुठाय विंचू, कालिंदी?"

"गेला."

"नेहमीच जातो," ते माझ्याकडे बघून हसत म्हणाले. "आमच्या सूनबाईंना विंचू फार दिसतात."

म्हातारी हसली. पोरं हसली. माझ्या अंगाची आग झाली. मी रेणूला तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"काय बाई आहात का कोण?" मी म्हणाले. "लेकराचा हात तोडायला निघालात! काल पाणी वाईट, आज विंचू! तुम्हाला काय त्रास आहे आमचा?"

"चला, विहिरीवर चला," ती खालच्या मानेनं म्हणाली. "तिच्या हाताला गार पाणी लावू."

"काही नको."

"चला," ती परत म्हणाली. ह्या वेळी तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. मी गेले.

विहीर घरामागे, पोफळींच्या आड. तिनं रेणूला थोड्या अंतरावर धुण्याच्या दगडावर बसवलं, दंडावर पाणी ओतलं, हातात कण्हेरीची दोन फुलं दिली. मग परत येऊन रहाट ओढायला लागली. रहाट फार करकरत होता. घागर भरून वर आली ती तिनं तशीच परत विहिरीत सोडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला पाणी नको आहे, आवाज हवा आहे.

"तुम्ही हे घर घेऊ नका," ती म्हणाली.

"का घेऊ नको? कारण सांगा."

"तुमच्याबरोबर मुलगी आहे."

"मग?"

"मला तिला सांभाळता यायचं नाही."

"तुम्हाला कोण सांभाळायला सांगतंय? मी आहे ना तिची आई!"

तिनं रहाट ओढणं थांबवलं नाही. "मी पण आईच होते," ती म्हणाली. "माझी नाही सांभाळता आली."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी माझी मान रेणूकडे वळली. ती दगडावर बसून फुलाच्या पाकळ्या तोडत होती.

त्यानंतर कालिंदीनं चार-पाच वाक्यांत सांगितलं. ती वाक्यं मी आजवर कुणापुढे उच्चारली नाहीत, इथंही लिहीत नाही. तिची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, एवढंच पुरे.

"रेणूला... आत्ता..."

"नाही. पेटी उघडत होते. मी पोचले."

"नवऱ्याला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तर म्हणाला, माझ्या देवासारख्या बापावर आळ घेतेस. मुलीला माहेरी ठेवू दिलं, तेच उपकार झाले."

"आणि तुम्ही? तुम्ही कशाला राहिलात इथं? मुलीकडे जायचं ना!"

"मी गेले तर दारात कोण बसेल?" ती म्हणाली.

घागर वर आली. तिनं ती परत सोडली.

"माझं नाव कुठं घेऊ नका. माझ्या मुलीचं तर नकोच. उद्या तिचं लग्न व्हायचंय. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही ऐकायला तयारच नव्हता. बाकीचे पाण्यावर नाहीतर सापावर परत जातात."

मी रेणूला कडेवर उचललं. सात वर्षांची पोर, तिला उचलायची सवय राहिली नव्हती. आम्ही घराला वळसा घालून अंगणात आलो. अण्णा मास्तर ओट्यावर बसले होते.

"मग? ठरलं ना आपलं?"

"ह्यांना विचारते आणि कळवते," मी म्हणाले. आणि मी हसले. पदर सावरून, वडीलधाऱ्यांसमोर हसतात तशी.

हे दुपारी लॉजवर आले तेव्हा मी सांगितलं. ते रेणूला जवळ घेऊन तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"आजच सड्यावरच्या घराचं सांगून टाकतो," म्हणाले.

"आणि तिथली बाकीची पोरं?"

"आपण कोण आहोत? परवा आलेली माणसं. पुरावा काय आपल्यापाशी? ती बाई उद्या नाही म्हणाली तर? ज्याच्या हाताखालून सगळं गाव गेलंय..." ते मधेच थांबले. मग म्हणाले, "आपली पोर वाचली ना? बास."

मीही तेच म्हणाले. बास.

सड्यावर आम्ही हळूहळू रुळलो. मी रेणूला शाळेत सोडायला आणि आणायला रोज आठ मैल चालायचे. शेजारणींची दारं उघडायला सहा महिने लागले, पण उघडली. शाळेला मी मागच्या वाटेनं जायचे, बकुळ आळीच्या वाटेला गेले नाही. दाजीनं एकदा विचारलं, "वहिनी, ते घर का सोडलंत हो? मास्तर अजून विचारतात." मी म्हणाले, जिना चढवत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ह्यांच्या ऑफिसात ठवकर म्हणून एक जण भंडाऱ्याहून बदलून आले. त्यांची बायको सुलभा, हसरी, गोल चेहऱ्याची, बोलायला लागली की थांबायची नाही. मुलगी मृदुला, सहा वर्षांची. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुलभा दाजीबरोबर सड्यावर आमच्याकडे आली.

"ताई, तुम्ही पाहिलं होतं न ते बकुळ आळीतलं घर? हे दाजी म्हणतात, त्याच्यासारखी जागा नाही. मग तुम्ही का नाही घेतलं?"

दाजी बाजूलाच उभा होता. मृदुला माझ्या रेणूबरोबर पायरीवर सागरगोटे खेळत होती.

"मला जरा लांब वाटलं," मी म्हणाले. "ह्यांच्या ऑफिसापासून."

"हो का? मले तर जवळच वाटलं बाप्पा," ती म्हणाली.

मी मनाशी म्हटलं, कालिंदी आहे की. मला घालवलं तसं हिलाही घालवेल. साप सांगेल, विंचू सांगेल. नाहीच ऐकलं तर विहिरीवर नेईल. तिचं ते कामच आहे. असं म्हणून मी चहा टाकला.

आठ दिवसांनी कळलं, ठवकर माडीवर राहायला गेले.

जूनमध्ये एकदा भाजीबाजारात कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. कालिंदी होती. वर्षभरात आणखी वाळली होती.

"तुमच्याच ऑफिसातले ना ते वरचे?" तिनं हळू विचारलं. "मी सुट्टीत मुलीकडे गेले होते. आले तर माडीवर सामान लागलेलं. आता माझं ती काही ऐकत नाही. सून विक्षिप्त आहे, भाडेकरू टिकू देत नाही, असं अण्णांनी आधीच तिच्या कानावर घालून ठेवलंय. तुम्ही सांगितलंत ना तिला?"

भाजीवाली सुटे मागत होती. मागून बायका ढकलत होत्या.

"हो," मी म्हणाले.

"सगळं?"

"हो."

तिनं डोळे मिटले. खांदे सैल सोडले. "मग ठीक. दोघी झालो म्हणजे. एकटीनं फार होत होतं मला."

का हो म्हणाले? तिच्यासमोर नाही म्हणायची लाज वाटली, एवढंच खरं आहे. घरी येताना मी ठरवलं, उद्याच जायचं आणि आपलं बोलणं खरं करून टाकायचं. म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच गेले. अण्णा मास्तर ओट्यावर होते, कालिंदी दारात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. मी जिना चढून वर गेले. सुलभानं मला पाटावर बसवलं, पोहे केले.

"ताई, माझं नशीबच म्हणा. सख्खा बाप करणार नाही एवढं अण्णा करतात. मृदुलाला पाढे पाठ झाले पंधरापर्यंत. भंडाऱ्याला माझे वडील वारले तेव्हा ही पोटात होती, आजोबा माहीतच नव्हते तिला."

"सुलभाताई," मी म्हणाले, "मृदुलाला फार खाली पाठवत जाऊ नका."

"का जी?"

त्याच वेळी खालून हाक आली, "बिराजदारबाई, जाताना आमच्याकडे चहा घ्या हो!" तोच मऊ आवाज. सुलभा माझ्याकडे बघत होती, हातात पोह्यांची बशी.

"जिना उभा आहे," मी म्हणाले. "पडेलबिडेल."

"इश्श, ती तर माकडासारखी उतरते!" ती हसली.

मी खाली जाऊन चहा घेतला.

डिसेंबरात कालिंदीचे वडील आजारी पडले. ती माहेरी गेली आणि ते वारेपर्यंत तीन आठवडे तिथंच राहिली. हे मला नंतर कळलं. आपल्या मागे माडीवर सगळं जाणणारी एक बाई आहे, ह्या भरवशावर ती गेली होती.

अण्णा मास्तर त्यानंतर सहा वर्षं जगले. गेले तेव्हा गावानं बाजार बंद ठेवला होता. आमची बदली व्हायची होती, आम्ही अजून तिथंच होतो. हे अंत्ययात्रेला गेले, ऑफिसातले सगळे गेले म्हणून. कालिंदी मला बाजारात त्या सहा वर्षांत अनेकदा दिसली. तिनं मला हाक मारली नाही. एकदा अगदी समोरासमोर आलो तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आता हेही नाहीत. रेणूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आईला समुद्राची हवा मानवली नाही म्हणून आपण सड्यावर राहत होतो.

पण मला सांगायचंय ते जानेवारीतल्या त्या दुपारबद्दल.

बाराचा सुमार असेल. हे ऑफिसात, रेणू शाळेत. दार वाजलं. उघडलं तर सुलभा. केस विंचरलेले नव्हते, पायात दोन वेगळ्या चपला. मागे रस्त्याच्या वळणावर एक ट्रक उभा होता, त्यात पलंगाचे पाय आभाळाकडे करून ठेवलेले दिसत होते. ड्रायव्हरशेजारी मृदुला बसली होती. खिडकीतून फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

"आत या," मी म्हणाले.

"नाही येत. भंडाऱ्याला चाललो. हे मागून येतील, बदली मागितली आहे." तिला धाप लागली होती. "ताई, रेणू कुठं आहे?"

"शाळेत."

"ती कधी बकुळ आळीत जाते का? मास्तरांकडे?"

"नाही."

"कधीच नाही गेली?"

"कधीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं माय." तिनं चौकट धरली. "पाठवू नका तिला. कुणी काही म्हणो, पाठवू नका. माझ्या पोरीला त्यानं..."

मी पाणी आणून दिलं. ती घटाघटा प्यायली, थोडं अंगावर सांडलं.

"हे म्हणतात, वाच्यता करू नको, आपल्याच पोरीचं नाव खराब होईल. पोलिसात नको म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे, पोलिसात नको. पण ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांना मी सांगितल्याशिवाय जाणार नाही. सकाळपासून हिंडून राहिली आहे. बकुळ आळीत तर बायांनी तोंडावर दारं लावली. एकीनं अंगावर पाणी फेकलं. आता ही कॉलनी तेवढी राहिली."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही कशा वाचल्या ताई? तुम्ही तर ते घर घेणारच होत्या न?"

तेव्हा सांगता आलं असतं. मधे कुणी नव्हतं, दाजी नाही, म्हातारा नाही, भाजीवाली नाही. दुपारच्या उन्हात आम्ही दोघीच उभ्या होतो.

"नशीब," मी म्हणाले.

"खरंय," ती म्हणाली. "नशीबच लागतं." तिनं माझ्या हातावर हात ठेवला, क्षणभर दाबला. मग भांडं खाली पायरीवर ठेवून ती निघाली. वळणावरून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तिनं त्याच्याकडे न बघता हात वर करून थांब म्हणून खूण केली आणि शेजारच्या अंगणात शिरली.

शेजारी कडी वाजली.

"कोण आहे?" आतून विचारलं.

"मी सुलभा ठवकर. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या घरी लहान मुलगी आहे न, म्हणून आले."

मी आमचं दार लावून घेतलं.